डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि माझा डावा पाय

नारळ आणि ब्लाउजपीस एकत्र दिसले की मी अजून नजर वळवते. ते दोन्ही मला डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मिळाले होते.

मी भिवंडीजवळच्या शेलार गावची. जन्मले मुलगा म्हणून, जगते बाई म्हणून. मानकोलीच्या एका गोदामात दिवसभर उभी राहून पार्सलांवर स्टिकर चिकटवते. टाळी वाजवून कधी मागितलं नाही. ज्या मागतात त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना कोणी शिफ्ट दिली नाही, एवढंच. शरीर बाईचं व्हावं म्हणून पडघ्याच्या एका मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या मी घ्यायची. ती स्वतःही त्याच घ्यायची. आम्हाला विचारायला डॉक्टर होता कुठे? मेडिकलवाला गोळ्या कागदात गुंडाळून द्यायचा आणि तोंड फिरवायचा.

मग त्या मैत्रिणीचा पाय सुजला. एकच पाय. तिने दुखणं अंगावर काढलं आणि एका सकाळी पाणी भरता भरता दम लागून ती गेली. गोळ्यांनी रक्ताची गाठ झाली असेल, असं नंतर कोणीतरी म्हणालं. तिचं दुःख नीट करूनही झालं नव्हतं, तोच माझा डावा पाय सुजला.

सरकारी दवाखान्यात गेले. मोठ्या डॉक्टरांनी मला पाहून खुर्ची मागे सरकवली. टेबलापलीकडूनच म्हणाले, "तुमची केस वेगळी आहे. आम्हाला हे शिकवलेलं नाही. मुंबईला दाखवा." पाय मला आहे तसाच त्यांनाही होता, त्यात वेगळं काय होतं देव जाणे. मला एकच विचारायचं होतं: गोळ्या चालू ठेवू की बंद करू? बंद केल्या तर दाढी परत येणार, चालू ठेवल्या तर मैत्रिणीच्या वाटेने जाणार. घरी आई रोज तेच विचारायची आणि मी रोज तिच्यावर खेकसायची.

अशात दवाखान्यातून एका सिस्टरचा फोन आला. आता कायदा झालाय, त्यात डॉक्टरांना तुमच्याबद्दल शिकवायचं असं आहे, त्यासाठी निधी आलाय, प्रशिक्षण ठेवलंय, तुमच्यातलं कोणीतरी हवं. मी सुट्टी टाकली. वाटलं, आता शिकवल्यावर तरी पाय बघतील.

हॉलमध्ये एसी होता, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांना शाली झाल्या. माझी पाळी आली तेव्हा शाल नव्हती. एका बाईंनी कुंकू लावून माझी ओटी भरली, नारळ, ब्लाउजपीस, वर गजरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईहून आलेल्या सरांनी पडद्यावर बाण काढलेली चित्रं दाखवली आणि म्हणाले, "आता यांना मोकळेपणाने प्रश्न विचारा." एकाने विचारलं, "ऑपरेशन हो गया क्या?" दुसऱ्याने विचारलं, "आप लोग आते कहाँ से हो?" मी म्हटलं, "शेलारहून. रिक्षाने." सगळे खूप हसले. मग तेच मोठे डॉक्टर उठले आणि रुग्णाला सन्मानाने कसं वागवावं यावर बोलत राहिले, जेवण निवेपर्यंत. मी समोर बसून चप्पल सैल करत होते, पट्टा रुतत होता. किळस आली मला त्या आवाजाची.

जेवणाच्या वेळी तेच मला म्हणाले, "जरा बाजूला येता?" माझा जीव भांड्यात पडला. साडी थोडी वर धरून मी त्यांच्यामागे जिन्याजवळ गेले. त्यांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं.

"सुनेला दिवस गेलेत," ते म्हणाले. "हे हातात घेऊन परत द्या. तुमच्या हातचं नाणं घरात असलं की बरकत असते."

भिवंडीत दुकानाच्या गल्ल्यात असं नाणं ठेवणारे शेठ मी पाहिले होते. पण प्रशिक्षणाचा बिल्ला छातीवर लावलेला डॉक्टर!

"डॉक्टर, माझा पाय..."

"हो हो, आधी आशीर्वाद द्या," म्हणत ते वाकलेच. माझ्या दोन्ही पायांवर हात ठेवून त्यांनी चांगला दाबून नमस्कार केला. डाव्या पायात कळ गेली. त्यांची बोटं उठली तिथे सुजेत खळगे पडले, ओल्या मातीत पडावेत तसे. ते बोटं कपाळाला लावून डोळे मिटून उभे होते.

नाणं मी परत दिलं. पोटातल्या पोराचा काय दोष? म्हटलं, "बाळाला चांगला डॉक्टर मिळो." ते खूश झाले, नाणं रुमालात बांधलं आणि जेवायला गेले.

रिक्षात बसल्यावर मी साडी वर करून पाहिलं. खळगे अजून दिसत होते. घरी पोचले तर आई दारातच होती.

"डाक्टरनी पाय बघला का?"

"हात लावला," मी म्हटलं.

तिचा चेहरा एवढा उजळला की मला बघवेना. ओटीतला नारळ माझ्या हातातून घेत ती म्हणाली, "मंग काय बोलला? गोली घ्याची का न्हाय?"