पोट उघडून दाखवणारी गिरणी

भट्टीआजींचा राग साऱ्या गल्लीला पाठ होता. तीस वर्षे बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहून त्यांनी पाव भाजले. भट्टी सुटली, पण धग अंगात राहिली, असे लोक म्हणत. या धगीच्या तळाशी माया होती आणि मायेच्या तळाशी एक श्रद्धा: देवाने गहू दिला तो कोंड्यासकट दिला, मग चाळून टाकणारे आपण कोण? म्हणून त्या घरी अख्ख्या गव्हाचाच पाव करीत, नाम घेत घेत पीठ मळीत, आणि पहिला तुकडा नातीच्या हातावर ठेवीत.

त्याच तुकड्याने घात केला. सहा वर्षांच्या नातीचे ओठ सुजले, छाती घरघरू लागली. तिला हरभरा सोसत नाही, हे घर जाणून होते. पिठात कणभर मिसळला असला तरी पुरे, असे डॉक्टरांनी सांगितले. आजी तडक कोपऱ्यावरच्या गिरणीत गेल्या. गिरणीवाला काकुळतीने सांगत राहिला, की हरभऱ्यानंतर तो दगड झाडतो, पहिल्या दोन ओंजळी बाजूला काढतो. आजींनी रांगेतल्या सात माणसांदेखत त्याला खोटारडा म्हटले आणि वीस वर्षांची ओळख त्या एका शब्दाखाली भरडून टाकली.

आता घरचीच गिरणी घ्यायची, असे ठरले. दुकानदाराने उंच, चकचकीत यंत्र पुढे केले. गहू, हरभरा, हळद, काहीही घाला, आपोआप साफ होते म्हणाला. आजींनी पडत्या पिठाखाली तळहात धरला आणि झटकन मागे घेतला. पीठ पोळत होते. मग विचारले, हे उघडते का?

"उघडायची गरजच नाही, आजी. उघडलं तर गॅरंटी जाते."

आजींचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे, असे सोबत आलेल्या त्यांच्या मुलाला वाटले.

"तुझं यंत्र मला पोट दाखवायला लाजतं, आणि त्याचं पीठ मी नातीच्या पोटात घालू?"

मागच्या फळीवर दोन दगडांची एक बुटकी गिरणी होती. एक पेच फिरवला की सारी आतून मोकळी. ती फार कुरकुर करते, कोणी नेत नाही, असे दुकानदार म्हणाला. "मलाही कोण नेतं?" म्हणत आजींनी तीच घेतली, तीही मांडलेली नव्हे, खोक्यातली कोरी.

घरी दगड पुसून झाले. गहू ओतण्यापूर्वी, यंत्राची आतडी तपासून आलेला तो हात नेहमीच्या कापडी पिशवीकडे वळला. आजींनी ती उलटी केली. शिवणीत पिवळे पीठ घट्ट बसले होते. महिन्यापूर्वी शेजारणीचा हरभरा त्यांनीच या पिशवीतून दळून आणला होता; पिशवी धुतली होती, उलटी मात्र केली नव्हती.

दारोदार हिंडलेला राग आपल्या घरी परतला. "देवा, माझ्याच हातानं," एवढेच त्या बोलल्या. पिशवी चुलीत घातली, गहू नव्या डब्यात भरला, दळला. नात पाव खाऊन खेळायला पळाली, तेव्हा आजींनी चपला घातल्या.

गिरणीत मुद्दाम रांगेच्या वेळी गेल्या. "पिशवी माझी होती. खोटी मी होते, तू नव्हतास."

गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. "सात जणांपुढे बोलला होतात. आज चारच आहेत."

"मग उद्या येते."

"या."

दुसऱ्या दिवशी पाच होते. तिसऱ्या दिवशी आठ. आजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा सांगितले, आणि वळल्या.

"कोणती घेतलीत?" पाठीमागून तो गुरगुरला.

"दगडाची."

"दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने टाकी लावून खरखरीत करावे लागतात. दुकानवाल्याच्या बापाला जमणार नाही. इकडे आणा."

राग त्याचाही उतरला नव्हता. पण दगड इकडेच आणायचे होते.