हाब्बोची सातवी मागणी

चहाला नको म्हणणाऱ्या माणसाबद्दल जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेर गावात दोनच तर्क चालतात: एक तर तो मरायला टेकलाय, नाहीतर त्याचं कुणाशी तरी बिनसलंय. हाब्बो उब्बेनने गेल्या हिवाळ्यापासून चारचौघांत चहा सोडला तेव्हा तिसराही तर्क निघाला. बेकरीवाली ओक्का शपथेवर सांगू लागली की हा घरी लपून कॉफी पितो. ते ऐकून दोन बायकांनी त्याला रस्त्यात ‘मॉइन’, म्हणजे तिथला रामराम, म्हणणंसुद्धा बंद केलं.

खरी गोष्ट एवढीच की हाब्बोचा उजवा हात कापायला लागला होता. इथला चहा म्हणजे पातळ काचेसारखा कप, तळाशी खडीसाखर, वरून चिमुकल्या चमच्याने अलगद सोडायची साय. कापऱ्या हाताने हे करणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं. हाब्बोने ते बायकोच्या कबरीपाशीही उच्चारलं नाही, आणि तिला तर तो टोमॅटोचे भावसुद्धा सांगायचा.

या माणसाने एकेचाळीस वर्षं बांध खात्यात नकाशे काढले. समुद्र अडवणारे बांध, त्यांच्या मागचे कालवे, कालव्यांची दारं. पट्टी हरवली तर उब्बेनला बोलवा, असं खात्यात म्हणायचे. कुणाला देखणेपणाचा गर्व असतो, कुणाला जावयाचा. हाब्बोला हाताचा होता.

निवृत्त झाल्यावर त्याने एकच काम हाती घेतलं. डोलार्टच्या खाडीने शेकडो वर्षांपूर्वी गिळलेल्या गावांचा नकाशा. त्याच्या यादीत एकतीस गावं होती. प्रत्येकाचं चर्च, गल्ल्या, विहिरी. सुरुवात कागदावर केली, पण चौथ्या गावात हाताने दगा दिला. मग संगणकावर एका कोपऱ्यात त्याला एक सेटिंग सापडलं. ते चालू केलं की माऊस धरलेला हात कितीही थरथरो, पडद्यावरचा बाण सरळच चालायचा. त्या दिवशी तो रडला म्हणतात. आता बघायला तिथे कोण होतं, ते विचारू नका. पण त्यानंतर गावं भराभर वर आली. एकोणीस झाली.

आणि मार्चमध्ये बातमी आली. ऑक्टोबरात संगणकाची नवी आवृत्ती येणार. त्यार्क, म्हणजे गावचा निवृत्त प्लंबर, याने हौसेने चाचणीची आवृत्ती आधीच टाकून घेतली होती. हाब्बोने सहज म्हणून त्याच्याकडे डोकावून पाहिलं, तर ते सेटिंग साफ गायब. आणि नकाशा काढायचा प्रोग्राम ज्यांचा, त्यांनी कळवलेलं, की ऑक्टोबरनंतर नव्या आवृत्तीशिवाय तो उघडणारच नाही. म्हणजे उरलेली बारा गावं पुन्हा पाण्यात.

उपाय एकच होता. दर गुरुवारी दुपारी तीनला वाचनालयाच्या मागच्या खोलीत गावचं संगणक मंडळ बसतं. सरासरी वय बाहत्तर, चिटणीस स्वतः हाब्बो. दर वसंतात हे मंडळ संगणकाच्या कंपनीला आपल्या मागण्या आणि तक्रारी पाठवतं, तेही टपालाने, कागदावर. प्रत्येक मागणीखाली मागणाऱ्याचं नाव आणि स्वहस्ते सही. हा नियम हाब्बोनेच केलेला. तीन वर्षांपूर्वी त्यार्कने निनावी मागणी घुसडली होती, की कंपनी बंद करून तिथल्या सगळ्यांना कालवे उपसायला पाठवावं.

त्या गुरुवारी हाब्बोने मागण्या वाचायला घेतल्या. पहिली ओक्काची.

“ते बटण डावीकडे परत आणा म्हणावं,” ओक्का कडाडली. “इतकी वर्षं डावीकडे होतं. आता तिथे दाबलं की हवामान येतं. अरे, लेरचं हवामान मला खिडकीतून दिसतं!”

“थांब गं,” त्यार्क म्हणाला, “पुढच्या वर्षी खिडकीलाही पासवर्ड लागेल.”

“तू तुझं बघ.”

“माझं काय! मी आंघोळीला जातो, तेवढ्यात तो आपला आपण बंद होतो. येऊन बघतो तर म्हणतो, जरा थांबा, तुमच्यासाठी तयारी चाललीय. चाळीस मिनिटं! मी असं कुणाचं पाणी तोडलं असतं ना, तर माझ्याच पान्याने मला हाणलं असतं.”

हसत-खिदळत सहा झाल्या. मग हाब्बोने घसा साफ केला.

“सातवी. हात कापत असेल त्यांच्यासाठी बाण स्थिर ठेवायचं सेटिंग काढू नये. एका सभासदाची विनंती.”

“कुणाचा रे हात कापतो?” ओक्का खुर्ची पुढे ओढत म्हणाली.

“मायनोचा! आज आलाही नाही बघा,” त्यार्क म्हणाला. “हात कापायला लागल्यावर माणसाने संगणक पुतण्याला द्यावा आणि कबुतरं पाळावीत.”

सगळ्यांची नजर चिटणिसाकडे. हाब्बोने हात टेबलाखाली घेतला.

“मायनोच असणार,” तो म्हणाला. “त्याचा बाण आपोआप दारूच्या दुकानाकडे वळतो.”

त्या दुपारचं सगळ्यात मोठं हसू याला मिळालं.

अध्यक्षीण फोल्के हसली नाही. ती शाळेत शिकवायची. चाळीस पोरांत खोटं बोलणारं कोणतं, ते तिला पाठमोरी असतानाही कळायचं. “हाब्बो, कुणाची मागणी?”

“नाव नाही दिलेलं.”

“मग नियम तुझाच आहे.”

हाब्बोने डाव्या हाताच्या एका बोटाने इतिवृत्तात टाइप केलं: सातवी मागणी निनावी, रद्द.

सगळे गेल्यावर फोल्के कप गोळा करत रेंगाळली. “पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही. उद्या बारापर्यंत माझ्या घरी आहे. सही वाकडीतिकडी असली तरी चालते. मी एकटीच बघणार.”

“कुणाची सही?”

“ज्याची असेल त्याची.”

“मायनोला निरोप देतो,” हाब्बो म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वर्तमानपत्राच्या समासात अकरा वेळा सही करून पाहिली. अकराही सह्या भलत्याच कुणाच्या वाटल्या. तरी पावणेबाराला त्याने कोट चढवला. फोल्केच्या गल्लीपर्यंत गेला. तिच्या दारात ओक्का उभी, पावाची पिशवी हातात, गप्पा रंगात आलेल्या. हाब्बो कोपऱ्यावर थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओक्काच्या गप्पा दहा मिनिटांत संपतात हे त्याने कुठे ऐकलं होतं कोण जाणे. मग तो वळला, बाजारात जाऊन दोन बांगडे घेतले आणि घरी आला. बाराला टपाल गेलं.

सप्टेंबरात कंपनीचं उत्तर आलं, मंडळाचे मनापासून आभार वगैरे. ओक्काचं बटण डावीकडे परत येणार होतं. तिने केक वाटला. हाब्बोने खाल्ला; केकला चमचा लागत नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी त्याच्याकडे नवी आवृत्ती आपली आपण येऊन बसली. विसाव्या गावाचं चर्च मांडायला त्याने चार दिवस घालवले. बाण पिसवेसारखा उडायचा. चर्च एकदा खाडीत पडलं, एकदा शेजारच्या गावच्या विहिरीत. पाचव्या दिवशी त्याने होता तसा नकाशा छापून आणला, आणि डोळे दुखतात असं सांगून चिटणीसपदही सोडलं.

गुरुवारी नकाशा मंडळाच्या भिंतीवर लागला. सगळे जवळ जाऊन बघत होते. रेघा खरंच सुरेख होत्या.

“अरे हाब्बो,” त्यार्क म्हणाला, “ही पूर्वेकडची बाजू एवढी कोरी कशी? इथे गावं नव्हती होय?”

फोल्के वहीत इतिवृत्त लिहीत होती. त्या बाजूच्या गावांची नावं तिने तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतली होती. तिने पेन थांबवून हाब्बोकडे पाहिलं.

“नव्हती,” हाब्बो म्हणाला. “लिही फोल्के, नकाशा पूर्ण झाला.”