कुलूप असलेल्या घराचं मत

चाळीसपैकी एकोणचाळीस फॉर्म मी माणसांना विचारून भरले. एक न विचारता भरला. त्या एकाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं, म्हणून सरळ इथूनच करते.

आमची वस्ती जुन्या हुबळीत आहे. आठ-आठ घरांच्या ओळी, प्रत्येक ओळीसमोर एक गटार, आणि सगळ्यांना मिळून वस्तीच्या टोकाला संडास. अप्पा दाजीबानपेठेत कापडाच्या गाठी उचलतात. आई एका शाळेत झाडलोट करते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. रोज बसने धारवाडला जाते. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक पाहणी करायची होती. वस्ती पाडून त्याच जागेवर तीन मजली इमारती बांधायची योजना आली होती, आणि राहणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटतं ते विचारायचं होतं. सरांनी वर्गात विचारलं, त्या वस्तीत कुणाच्या ओळखीचं कोणी आहे का? मी हात वर केला. मी तिथेच राहते, हे त्या दिवसापर्यंत वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

फॉर्म कन्नडमध्ये होता. मी मराठीत विचारायची, लोक मराठीत सांगायचे, मधूनच कन्नडात शिरायचे, आणि मी कन्नडमध्ये लिहून घ्यायची. पहिल्या दोन दिवसांत कळलं की माझ्यापुढे कुणी गंभीर होत नाही. लहानपणी जिचं नाक पुसलं ती आता वही घेऊन मत विचारते, याचंच त्यांना हसू येत होतं. एका आजोबांनी विचारलं, लिफ्ट मध्येच बंद पडली तर मी लोंबकळत राहू का? एकीने विचारलं, तिसऱ्या मजल्यावर मिरच्या कुठे वाळवू? समोरच्या काकूने तर फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "होय म्हटलं तर तुला मार्क जास्त का नाही म्हटलं तर? तसं सांगते." मी म्हटलं, काकू, खरं काय ते सांग. ती म्हणाली, "खरं सांगायला एवढा कागद कशाला लागतोय?"

तरीही मी विचारत राहिले. फॉर्म एका घराला अर्धा तास घ्यायचा. शेवटी आमच्याच ओळीतलं एक घर राहिलं. मावशीचं.

ती माझी सख्खी मावशी नाही, सगळ्या वस्तीची मावशी आहे. एका खानावळीत ती ज्वारीच्या भाकऱ्या थापते. सकाळी जाते, दिवस कलताना येते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी कलघटगीला दिली आहे. मी दुपारी दोनदा गेले, दोन्ही वेळा दाराला कुलूप होतं, आणि संध्याकाळी जायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायचे होते. सकाळी बसमध्ये गठ्ठा मांडीवर घेऊन बसले, तेव्हा तो कोरा फॉर्म सगळ्यांत वर होता.

मला वाटलं, मावशी काय म्हणेल ते मला माहीत आहे. महिनाभरापूर्वी तिची मुलगी आली होती तेव्हा मी कट्ट्यावर बसले होते. मुलगी तिला कलघटगीला चल म्हणून मागे लागली होती. मावशी म्हणाली होती, "मी इथून हलायची नाही. लग्न होऊन या घरात आले, जाईन ती इथूनच." हे वाक्य मला तोंडपाठ होतं. उणकलचा थांबा मागे पडला तेव्हा मी पेन काढलं. योजनेला संमती आहे का, याच्यापुढे 'नाही' लिहिलं. शेवटी इतर अभिप्रायाची मोकळी जागा होती, तिथे ते वाक्य कन्नडमध्ये उतरवलं. बस हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं. नवनगरचा थांबा यायच्या आत फॉर्म पुरा झाला होता.

त्या वेळी मला खोटं लिहिल्यासारखं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. उलट सगळ्या फॉर्मांमध्ये तोच जास्त खरा वाटत होता. बाकीच्यांनी लिफ्टचं, मिरच्यांचं सांगितलं होतं. वर्गात विस्थापितांबद्दल जे शिकलो होतो, त्याच्याशी जुळणारं बोलणारी एकटी मावशीच होती.

सरांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते वर्गात दोनदा वाचून दाखवलं, आणि म्हणाले की माणसांमध्ये जाऊन काम करणं म्हणजे हे. वकिलांची, प्राध्यापकांची मुलं मागे वळून माझ्याकडे बघत होती. मला खूप बरं वाटलं. अहवालाच्या पहिल्या पानावर ते वाक्य छापलं गेलं. खाली लिहिलं होतं, 'एक वृद्ध रहिवासी'.

फॉर्मांची एक प्रत योजनेच्या कार्यालयात जाणार, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. तिथे त्याचं काय होईल, याचा मी विचार केला नव्हता.

एका रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारासमोरच्या पटांगणात बैठक झाली. कार्यालयातून एक साहेब आले होते. त्यांनी कन्नडमध्ये समजावलं की काम ओळीओळीने होईल. ज्या ओळीतल्या सगळ्या घरांची संमती आहे त्या पहिल्या टप्प्यात, बाकीच्या दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा कधी, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, पहिला झाल्यावर बघू. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तळमजल्याची घरं मिळतील, घरातच संडास आणि नळ असेल, हेही सांगितलं. मग यादी वाचली. आमच्या ओळीत सात घरं होय, एक नाही. दुसरा टप्पा.

मावशी माझ्या पुढे दोन माणसं सोडून बसली होती. ती गुडघ्याला धरून उठली आणि ओळीतल्या सगळ्यांकडे बघत म्हणाली, "कोण तो? समोर या की. मला एकदा तोंड बघू दे."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. मग कळलं, तिला इमारत हवी होती, आणि कुणी न विचारताही आपलं होय धरलं असेल असं ती समजून होती.

सगळ्यांचा संशय शेवटच्या घरातल्या रिक्षावाल्या अण्णावर गेला. रिक्षा दारात लावायला मिळणार नाही, असं तो पूर्वी एकदोनदा बोलला होता. मावशीने त्याला तिथेच धरलं. "काय रे, रिक्षा पण वर चढवायची होती काय तुला? दोरीने ओढली असती आम्ही." लोक हसले. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "माझे गुडघे बघितलेस ना तू? दुपारनंतर मी पाणी पीत नाही. प्यायलं की त्या टोकापर्यंत जावं लागतं म्हणून. आत संडास मिळणार होता मला. तुझ्या रिक्षासाठी गेला."

मी तिच्या समोरच लहानाची मोठी झाले. गुडघे मला दिसत होते. पाण्याचं मला माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं.

अण्णा म्हणाला, "मावशी, आईशपथ, मी होयच म्हटलंय. हिने लिहून घेतलंय. हिला विचार."

सगळे माझ्याकडे वळले. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की अण्णा खरं बोलतोय. पण मग पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "नावं सांगायची नसतात. नियम आहे."

नियम खरा होता. मी त्याच्या मागे लपले.

अण्णा रोज सकाळी मावशीला खानावळीपर्यंत फुकट सोडायचा. दुसऱ्या दिवसापासून ती चालत जायला लागली. अण्णा रिक्षा सावकाश तिच्या बाजूने न्यायचा, बस म्हणायचा, ती बघायचीसुद्धा नाही. नळावर त्याच्या बायकोशी बोलणं बंद झालं. तिची घागर लोक बाजूला सरकवायचे. मी घरातून हे सगळं बघायची आणि कॉलेजला जायची. असे अकरा दिवस गेले. मी मोजत होते, कारण रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं.

आधी मी एकटीच कार्यालयात गेले. कुणाला न सांगता यादी दुरुस्त झाली तर बरं, असं वाटत होतं. तिथल्या कारकुनाने नीट ऐकून घेतलं. फॉर्म चुकीचा भरला होता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, त्यांचं मत बदललंय. हे मी दुसऱ्यांदा तिच्या तोंडी घातलं. तो म्हणाला, मग त्यांनाच घेऊन या, अर्ज आणि अंगठा लागेल.

तिथून निघून मी सरळ खानावळीत गेले. घाईची वेळ संपली होती. मावशी चुलीपासून लांब, भिंतीला टेकून पाय पसरून जेवत होती. मला बघून तिने भाकरीचा अर्धा भाग पुढे केला. मी घेतला नाही. खाली बसले आणि सांगून टाकलं, की ते 'नाही' अण्णाचं नाही, तुझं आहे, मी लिहिलंय.

ती चावायची थांबली. मग म्हणाली, "मला विचारायला आली होतीस?"

"दोनदा. कुलूप होतं."

"इथे का आली नाहीस? तुझा बाप काम करतो त्या दुकानापासून चार पावलं आहे."

"मला वाटलं, तू काय म्हणशील ते मला माहीत आहे."

"माझ्या लेकीलाही तसंच वाटतंय," ती म्हणाली. मग ताट बाजूला सारलं. "त्या पोराला मी चारचौघांत बोलले. तू तिथेच होतीस."

"होते."

"आधी त्याला सांग जा. मग माझ्याकडे ये."

अण्णा रिक्षा स्टँडवर होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कॉलेजात हेच शिकवतात होय?" त्याने आणखी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला की मावशीला सांग, सकाळी थांबतो. त्याची बायको मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. अकरा दिवस तिची घागर मागे सरकत होती.

संध्याकाळी मी मावशीच्या घरी अर्ज लिहायला बसले. ती सांगत गेली, मी कन्नडमध्ये लिहीत गेले. "लिही, मला इमारत पाहिजे. खालचं घर पाहिजे. आत संडास पाहिजे. आणि लिही, पहिल्यांदा मला कुणी विचारलं नव्हतं." मी तिथे थांबले. न विचारता तो फॉर्म कुणी भरला, तेही लिहू का, असं मी विचारलं. खरं तर ती 'नको' म्हणेल, तुझी परीक्षा आहे म्हणेल, अशी मला आशा होती.

"ते तुझं तू बघ," मावशी म्हणाली.

मी माझं नाव लिहिलं. धाडस होतं असं काही नाही, तिच्यासमोर बसून ते न लिहिणं जमेना. मग पूर्ण अर्ज तिला मराठीत वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला आणि मग अंगठा दिला.

अर्ज द्यायच्या आधी सरांना सांगणं भाग होतं. ते धारवाडला सप्तापुरात राहतात. त्यांच्या घरी मी पूर्वी एकदाच गेले होते, फॉर्म पोचवायला. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "बाकीचे एकोणचाळीस?"

"ते विचारूनच भरलेत, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलत होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, सगळी घरं पुन्हा विचारावी लागतील, तू नाही, दुसरं कुणीतरी. पहिलं पान बदलायला लागेल, हेही म्हणाले.

पुन्हा विचारायला वर्गातली एका वकिलांची मुलगी आली. मी तिला घरं दाखवायची आणि बाहेर उभी राहायची. आतून पुन्हा लिफ्टचे, मिरच्यांचे प्रश्न ऐकू यायचे. काकूने तिला चहा दिला आणि कुठलाही विनोद न करता उत्तरं दिली. मावशीच्या वेळी आम्ही खानावळीत गेलो. मी दाराबाहेर थांबले, पण आतलं ऐकू येत होतं. बांधकाम चालू असताना वर्षभर कुठे राहाल, असं तिने विचारलं. तो प्रश्न माझ्याही फॉर्मात होता. त्याच्यापुढे मी बसमध्ये एक रेघ ओढली होती.

मावशी म्हणाली, "कलघटगीला लेकीकडे. कायमचं नाही जायची. वर्षाचं काय, जाईन. तिलाही बरं वाटेल."

कार्यालयाने अर्ज घेतला. पहिल्या टप्प्याची यादी मंजूर होऊन गेली आहे, आता दुसऱ्या टप्प्याच्या वेळी विचार होईल, असं सांगितलं. मागच्या दोन ओळी रिकाम्या झाल्या आणि पाया खणायला सुरुवात झाली आहे. मातीच्या ढिगांमुळे संडासाकडे जायची सरळ वाट बंद आहे. मावशीला आता विहाराला वळसा घालून जावं लागतं. संध्याकाळी घरी असले तर मी तिच्याबरोबर तिची पाण्याची बादली घेऊन जाते. तू अभ्यास कर जा, असं ती म्हणते. पण अर्ध्या वाटेवर थांबून दम घेते, तेव्हा बादली परत मागत नाही.