सासूबाईंचा निरोपाचा रस्सा

माझ्या सासूबाई एदेलमिरा यांनी आमच्या ग्वायाकिल शहराच्या बाजारात उभा जन्म मासे विकले. गिऱ्हाइकाने माशाचे कल्ले उचकून पाहिले की त्या गिऱ्हाइकाचं खानदान उचकून पाहायच्या. पाद्रीबाबासुद्धा त्यांच्याकडून पापलेट घेताना घासाघीस करत नसत.

नवरा गेल्यावर त्या आठवडाभरासाठी आमच्याकडे आल्या आणि तेव्हापासून गॅलरीतला माझा झोपाळा त्यांचा झाला. मी बस चालवतो. घरी आलो की माझं चालणं, घोरणं, भात कालवणं, सगळ्याचा पंचनामा व्हायचा. मीही ऐकून घेणारा नव्हे. रोज रात्री ताटावर आमची जुंपायची आणि माझी बायको मारितसा टीव्हीचा आवाज वाढवायची.

म्हणून त्यांच्या धाकट्या मुलीने, हासिंताने, त्यांना कायमचं माद्रिदला बोलावलं, तेव्हा मी लग्नानंतर पहिल्यांदा चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

आमच्याकडे दूर जाणाऱ्याला सगळं घराणं विमानतळावर जेवू घालतं. जाणारा उठल्याशिवाय टेबलावरून कुणी उठायचं नाही. उठलं तर प्रवासाला अपशकुन. मी माझ्याच बसमधून सगळ्यांना नेलं आणि तिथल्या वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात टेबलं जोडून घेतली. सासूबाईंकडे एकच लहान पिशवी होती. कायमची जाणारी बाई एवढ्याशा पिशवीत निघते, तिथेच मला संशय यायला हवा होता.

त्यांनी माशाचा रस्सा मागवला, वर भरपूर कांदा. आधी लिंबू पिळलं. मग सोबत आलेले तळलेल्या केळ्याचे काप एकेक करून बुडवले. मग कांद्याची एकेक पाकळी निवडून खाल्ली. आमची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. थोरल्या मेव्हण्याला लघवीला लागली होती, पण तो बिचारा पाय आवळून बसून राहिला.

विमानाची घोषणा झाली.

"आई, विमान जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. त्याला पंख आहेत. मी जेवतेय."

दुसऱ्या घोषणेत त्यांचं नाव आलं. मारितसा रडायला लागली. आता मी नुसता उभा राहिलो असतो तरी काम झालं असतं. अपशकुन माझ्या माथी लागला असता, पण जेवण मोडलं असतं आणि झोपाळा परत मिळाला असता. मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"हासिंताचा नवरा फार सभ्य आहे, जावईबापू. फोनवर सारखं म्हणतो, तुम्ही फक्त आराम करा. मी तिथे भांडू कुणाशी?"

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं साधं घरी सांगितलं असतं तर माझी मेणबत्ती तरी वाचली असती. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मी खुर्ची पुढे ओढली, हात वर करून वेटरला बोलावलं आणि आईंसाठी आणखी एक वाडगा रस्सा सांगितला.

त्यांनी तो चवीने संपवला. काचेबाहेर एक विमान उडालं. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मग त्या उठल्या आणि मेव्हणा पळाला.

परतीच्या वाटेवर त्या माझ्या सीटच्या बरोबर मागे बसल्या. आम्ही पूल ओलांडला.

"रस्सा खारट होता," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी जागा मी ठरवणार."