गच्चीवरची लेन्स

"मेस्त्री, माझी लेन्स कुठाय?"

सुभेदार जाधवांचा कॅमेरा काउंटरवर होता, पण त्याचं तोंड उघडं. आणि मी एक नंबरचा बावळट, खरं तेच बोलून गेलो. "गच्चीवर आहे. उन्हात ठेवलीय."

"उन्हात? लेन्स म्हंजे काय कुरडई हाय व्हय?"

मी सांगलीत जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करतो. हौशी लोक हे कॅमेरे जमवतात, आणि ते चालू ठेवणारे मेकॅनिक आता फार थोडे उरलेत. बरेचसे कॅमेरे कुरिअरने येतात. आत मी काय केलं, हे मालकाला दिसत नाही. सगळा धंदा विश्वासावर.

सुभेदार कोरेगावचे, फौजेतून रिटायर झालेले. कॅमेरा त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा. आण्णा लग्नाचे फोटो काढायचे. शटर अडकलं म्हणून सुभेदारांनी तो माझ्याकडे आणला होता. पूर्वी कुठल्याशा मेकॅनिकने त्यांच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची चांगली लेन्स काढून भलतीच बसवून दिली होती. त्यामुळे मला कॅमेरा देताना त्यांनी प्रत्येक स्क्रूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. राग आला होता, पण गिळला.

आम्ही गच्चीवर गेलो. बायकोने सांडगे घातले होते, त्यांच्या शेजारी पांढऱ्या ताटलीत लेन्स होती. सुभेदारांनी ती उचलून निरखली.

"ही माझी न्हाई."

"अहो, तुमच्या फोटोशी नंबर तरी जुळवून बघा."

"नंबरची रिंग बदलता येती. आमची काच गुळावानी पिवळी हुती. ही तर लिंबू सरबत! आजच ग्रुपवर टाकतो."

ग्रुप म्हणजे कॅमेरे जमवणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'हा माणूस लेन्स बदलतो' असं तिथे एकदा आलं, की दुकानाला कुलूपच. माझं डोकंच फिरलं.

पूर्वी काही लेन्सच्या काचेत थोरियम नावाचा पदार्थ घालायचे. चित्र स्वच्छ यायचं, पण काही वर्षांनी काच आतूनच पिवळी पडायची. तो पिवळेपणा पुसून जात नाही. रोज कडक ऊन दाखवलं, की हळूहळू उतरतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मालकाला सांगायचं सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. सुभेदारांना हे सगळं सांगितलं. त्यांना एक शब्द पटला नाही.

"अजून थोडी पिवळी आहे ना?" मी वैतागून म्हणालो. "मग बसा इथंच. तुमच्या डोळ्यांदेखत स्वच्छ झाली नाही, तर काय टाकायचं ते टाका!"

"बसतो की. जन्मभर ड्यूटीच केलीया."

आणि गडी खरंच बसला. मुक्काम इथंच, सांगलीजवळ माधवनगरला लेकीकडे. सकाळी छत्री घेऊन हजर, ऊन कललं की लेन्स रुमालात बांधून बरोबर नेणार. सुरुवातीला माझा चहासुद्धा घेतला नाही. मी वर डोकावलो, की पटकन लेन्सवर हात. बायको मात्र खूश होती. "सांडग्यांना कावळा शिवत नाही आता," ती म्हणायची.

काचेचा पिवळेपणा रोज थोडा थोडा उतरत गेला. सुभेदार ती पांढऱ्या कागदावर ठेवून बघत. हळूहळू चहा घेऊ लागले, मग बोलूही लागले.

"आण्णांचं कलर फोटो समदं पिवळं यायचं, मेस्त्री. लोकं हसायची. म्हणायची, नवरीची हळद अजून उतरली न्हाई वाटतं. गिऱ्हाईक तुटलं. आण्णांना बापूकाकांचा संशय. माधवनगरचं लॅबवालं, आण्णांचं रोल धुवून द्यायचं, लय जवळचं दोस्त. आण्णा म्हणायचं, ह्यो शिळं केमिकल वापरतोय. बोलणं बंद झालं ते कायमचं. बापूकाका हायत अजून, लेकीच्याच गल्लीत. मी मान वळवून जातो."

दोष कशाचा ते मला कळलं होतं, पण सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटी एका दुपारी काचेतून कागद कागदासारखा पांढराशुभ्र दिसला. सुभेदारांनी लेन्स उचलली. आता माफी मागतील, असं मला वाटलं.

"मेस्त्री, आण्णांच्या वक्ताला बी ही पिवळीच आसंल?"

"असणारच. आणि फोटो हिच्यातूनच निघायचे, त्यामुळे..."

"कळलं." त्यांनी लेन्स रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं.

लेन्स बसवून दिली. कॅमेरा घेऊन ते तडक गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. बापूकाकांकडे जाऊन आले होते.

"काय म्हणाले?"

"कॅमेरा हातात घेऊन काच नीट बघितली. मग म्हणालं, त्याच केमिकलात बाकीच्यांचं फोटो चांगलं यायचं रं. म्हणून मीच आण्णाला म्हनलं, गड्या, एकदा तुझी लेन्स तपासून घे. त्याच दिसापासनं त्यो माझ्याशी बोलला न्हाई."

ग्रुपवर सुभेदारांनी काहीच टाकलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मी मात्र आता लेन्स गच्चीवर न्यायच्या आधी मालकाला फोन करतो. फोटो पिवळे येतात का, तेही विचारतो. हो म्हणाले, तर लॅबवाल्याशी बोलणं चालू आहे ना, हेसुद्धा विचारून घेतो.