डाग न पाडणारं मलम

बारीक विणीसाठी सबंध सीग्सीग गावात तार्हेलियाचं नाव होतं. सातव्या वर्षापासून ती ताडाच्या पातीच्या हॅट विणत आली. कोरडी पात तुटते, म्हणून बोटं सारखी वाटीतल्या पाण्यात बुडवायची. वरून डोंगरातला वारा. पन्नास वर्षांनी कातडीनं हार मानली. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, पात त्यांत अडकायला लागली आणि मागच्या हॅटवर रक्ताचा ठिपका उमटला. हॅट विकत घेणाऱ्या एलोयशेठनं ती परत केली.

"बाई, आता हातात घेतलेली हॅट तरी बिनडागाची द्या. नाहीतर बारीक काम दुसरीला जाईल."

तेव्हापासून मलमाचा शोध. मेंढीची चरबी लावली तर वासानं कुत्री मागं. मग कुणाचं तरी ऐकून लिंबू आणि ग्लिसरीन. उघड्या भेगांवर लिंबू! अक्कल गहाण ठेवल्याशिवाय असं सुचत नाही. लेकीनं कुएंका शहरातून पाठवलेली गुलाबी बाटली म्हणजे नुसतं सुगंधी पाणी.

शेवटी औषधांच्या दुकानातल्या नोएमीनं डबी काढली. "काकू, पातळ नको, घट्ट घ्या. बिनवासाचं, दहा टक्के युरियाचं. हात धुतले की ओलसर असतानाच चोळायचं, वर सुती हातमोजे. आणि पंधरा दिवस पाणी बंद, पात बंद."

"पंधरा दिवस? मेले की घेईन सुट्टी."

"मग लावून विणू तरी नका. तेल पातीत मुरलं की हॅट उजळायला देतात त्या गंधकाच्या धुरीनंही निघत नाही."

तिनं मधला मार्ग काढला. शनिवारी दुपारी मलम आणि हातमोजे, सोमवारी सकाळी साबणानं हात स्वच्छ. दोन आठवड्यांत भेगा मिटत आल्या. हॅटची चार बोटं कड तेवढी विणायची राहिली.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर बायका चौकात बसल्या. तिथे रिकाम्या हातानं गप्पा कुणी मारत नाही. तार्हेलियाचीही हॅट मांडीवर होती, नुसती.

"वहिनी, आज लग्न आहे का तुमचं?" नणंद देल्फिनानं पांढऱ्या हातमोज्यांकडे बोट केलं.

"तुझ्या भावाशी एकदा झालं, पुरे झालं."

बायका खदखदल्या. मग कोणाची सून कोणाबरोबर पळाली तो विषय निघाला, आणि तो रंगला. हातमोजे कधी उतरले, तिला कळलं नाही. बोटं आपली चालू. काय चालली होती! कुठं अडकणं नाही, दुखणं नाही, पात लोण्यातून सरकावी तशी.

"वहिनी," देल्फिनाचा आवाज एकदम खाली आला, "हात बघा."

एक बोटभर कड विणून झाली होती, आणि सगळी तेलकट पिवळी. उसवायची सोय नाही. एकदा दुमडलेली पात उलटी फिरवली की मोडते. तिनं साबण लावला, उन्हात धरली, महिनाअखेर कड पुरी करून धुरीही दिली. डाग उलट जास्त उठून दिसला.

एलोयशेठनं हॅट उजेडात धरली. "इतकी एकसारखी वीण तुमच्याकडूनसुद्धा कधी आली नव्हती," तो म्हणाला, आणि ती बाजूला ठेवली. आतून जाड पातीची जुडी आणली. बाजारी हॅटची, नव्या पोरी शिकतात ती.

"यावर डाग दिसत नाही. आता खुशाल लावा तुमचं मलम."

तार्हेलियानं जुडी घेतली. बोटं मऊ होती, एकही भेग नव्हती.

"कधीपर्यंत हवी?" तिनं विचारलं.

"शनिवारपर्यंत. सहा हॅट."