बागबाजारच्या घाटावरचा स्वच्छ थेंब
आज सकाळी नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि हुगळीकाठी बागबाजारच्या घाटावरचा तो सोहळा आठवला. सोहळा नदी स्वच्छ झाल्याचा होता, मांडव मात्र नदीकडे पाठ करून घातला होता. नववीतल्या माझ्या मुलीला शाळेने सूक्ष्मदर्शक देऊन एका टेबलापाशी उभं केलं होतं. पाण्यातली घाण खाऊन नदी जगवणारे बारीक जीव तिने पाहुण्यांना दाखवायचे होते. घाटाच्या पायरीवरून बाटलीत भरलेल्या गढूळ पाण्यात ते भिरभिरताना मीही थोड्या वेळापूर्वी पाहिले होते. तेवढ्यात एक आयोजक आले. "मामोनि, साहेबांसमोर असलं पाणी?" असं मुलीला लाडाने म्हणत त्यांनी ते ओतून दिलं आणि व्यासपीठावर स्वच्छ हुगळीचा नमुना म्हणून मांडलेल्या बरणीतलं पाणी ठेवलं. इतकी निर्मळ हुगळी मी आजवर पाहिली नव्हती, म्हणून हुंगून बघितली, तर हाच वास. मुलगी भिंगातून बघून कुजबुजली, "बाबा, यात कोणीच नाहीये. मी आता दाखवू काय?" पाहुणे आलेच. डोळा लावून म्हणाले, "वा! एकदम परिष्कार, स्वच्छ! काहीच नाही!" "हो सर," ती म्हणाली, "मघाशी होते. नदी तेच साफ करतात." टाळ्या पडल्या, कारण तिचं कोणी ऐकलंच नव्हतं. निघताना तिने प्रमाणपत्र माझ्या हातात कोंबलं आणि पायरीवर वाकून बाटली पुन्हा गढूळ पाण्याने भरून घेतली. तेव्हापासून कुठलीही नदी स्वच्छ झाल्याची बातमी वाचली की मी आधी विचारतो, तिच्यात अजून काही हलतंय ना?